मुंबई पांजरापोळ : स्थापनेची पार्श्वभूमी व कार्य

भुलेश्वरच्या दाट वस्तीत गुरे सांभाळणाऱ्या मुंबई पांजरापोळ या संस्थेची आजची ओळख मुख्यत्वे गोपालनाची आहे. तिच्या स्थापनेस मात्र गाय नव्हे, कुत्रा कारणीभूत ठरला.

कंपनी सरकारच्या अमलात उन्हाळ्यात मुंबईतील भटकी कुत्री मारली जात व मारणाऱ्यांना कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात मृतदेहास कुत्र्याची दृष्टी पडणे (सगदीद) हा अंत्यविधीचा भाग असल्याने ६ जून १८३२ रोजी कोटात त्यांनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले आणि लष्कराची रसद अडली. सरकारने बळाने दंगा मोडला. परंतु कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, ही व्यापाऱ्यांची विनंती पुढे मान्य झाली. हलविलेली जनावरे ठेवायची कोठे, या प्रश्नातून १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. तेव्हा ही घटना केवळ धर्मभावनेची फलश्रुती मानणे अपुरे आहे. ती एक नागरी तडजोडही होती.

पांजरापोळीचे तत्त्व आश्रयाचे. जनावर निरुपयोगी वा असाध्य रोगाने ग्रस्त असले, तरी नैसर्गिक मृत्यूपर्यंत त्याला सांभाळावयाचे. १८७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्थेची वाट वेगळी होती. तिचा भर क्रूरतेविरुद्ध कायदेशीर कारवाईवर व उपचारांवर राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिच्याच कार्यातून उभे राहिले आणि त्याच्या आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. देणगीदार मात्र बहुतांशी त्याच व्यापारी वर्गातले, ही बाब लक्षणीय आहे.

कुत्र्यांचा प्रश्न संपला नाही. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याची पद्धत घातली. २०२३ च्या नियमांनीही ती कायम ठेवली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके इत्यादींच्या आवारातील कुत्री पुन्हा तेथे न सोडता निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. आजन्म सांभाळावयाच्या जनावरांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला. पांजरापोळीच्या संस्थापकांनी तो व्यापारी मालावर स्वेच्छेने बसविलेल्या ‘लागा’ नामक पट्टीतून सोडविला होता.