गिरगांव-दादरचीं हरपलेलीं शेतें

स्कॉटलंडांतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतून १८१४ व १८१९ सालीं मेंढ्यांच्या चराईसाठीं कुळें उठविलीं गेलीं. मुंबई बेटावरील शेतकरी मात्र वाढत्या शहरामुळें उठला. गिरगांवच्या फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट या नांवांत जुनी बागाईत व शेती अद्याप दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याच्या भातखाचरांवर नव्या वस्तीची आंखणी केली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें जमीन, उभें पीक व झाडें यांचें मोल ठरत असे. पिढीजात कसबाचें व शेजाराचें नव्हे. आमच्या मतें खरी हानि हीच होय. म्हणून ज्यांच्या शिवारापर्यंत शहर आलें आहे, त्यांनीं आपलें बियाणें जतन करावें व वाडवडिलांची शेतीची रीत आजच लिहून ठेवावी.