कडा गेली, स्पीकर नाही

वडिलांचा १९८०च्या दशकातला स्पीकर भंगारात निघाला होता. खर्ज फाटत होता. जाळी काढली, तर कागदी शंकूभोवतीची फोमची कडा बोट लागताच चुरली. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या बाष्पाने झिजतो; स्पीकर वाजवा किंवा झाकून ठेवा, १५-२० वर्षांत त्याचा भुगा होतो. आमचे जेसल पार्क तर भाईंदरच्या खाडीकाठी. दमटपणाला तोटा नाही. रबरी कडा त्या मानाने टिकते.

पण आवाज उमटतो तो चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीमुळे. ती शाबूत आहे का, हे आधी पाहावे. तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही, तर तार तुटली. मग शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा, हलकेच दाबावा. खरखर लागली, तर गुंडाळी घासते आहे.

आमची गुंडाळी ठणठणीत निघाली. नवी कडा चिकटवताना मात्र शंकू किंचित कलला आणि ती घासू लागली. गोंद ओला होता म्हणून निभावले. कडा सोडवून, शंकू मधोमध आणून पुन्हा चिकटवली.