उपवासाच्या ताटात कोण कुठलं?

आषाढी एकादशीच्या सकाळी तुपात जिरं तडतडतं, हिरवी मिरची पडते, बटाट्याच्या फोडी परततात आणि शेवटी दाण्याचं कूट लावलेला भिजका साबुदाणा कढईत येतो. ही खिचडी पुराणकाळापासून अशीच चालत आली, असं आपण धरून चालतो. पण त्यातलं तूप, जिरं आणि मीठ वगळलं, तर उरलेली सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली.

गैरसमज : मिरची आपलीच.
वस्तुस्थिती : तिचं माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा त्याला हवी होती मिरी; हाती लागली मिरची. पोर्तुगीज जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे उतरली. त्याआधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आल्याकडे होतं. संस्कृतात ‘मरिच’ म्हणजे मिरीच; नवखीला आपण तेच नाव देऊन टाकलं.

गैरसमज : मिरचीचं तिखट बियांत असतं आणि पोपट ते सोसतो.
वस्तुस्थिती : बिया ज्या पांढुरक्या गराला चिकटलेल्या असतात, तिखट त्यात असतं. त्यातलं कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, म्हणून आग होते. पक्ष्यांवर त्याचा परिणाम होत नाही. मिठूला मिरची तिखट लागतच नाही, मग सोसायचं काय! झाडाचाही यात फायदाच : प्राणी बी चावून वाया घालवतात, पक्षी ते अख्खं गिळून दूर नेऊन टाकतात.

गैरसमज : बटाटा आणि रताळं एकाच घरातले.
वस्तुस्थिती : बटाटा अँडीज पर्वतातला, वांग्या-टोमॅटोचा भाऊबंद. मातीत वाढला तरी तो खोडाचाच भाग, म्हणून त्याला डोळे येतात आणि डोळ्यांतून कोंब फुटतात. रताळं मात्र खरोखरचं मूळ, आणि नात्याने ओढ्याकाठच्या बेशरमाचं चुलतभावंड. रताळ्याचं आणि बेशरमाचं फूल शेजारी धरून पाहा. गंमत नावात आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, पण कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बोलीत तो रताळ्याचा होता.

गैरसमज : शेंगदाणा म्हणजे गरिबाचा सुकामेवा.
वस्तुस्थिती : भुईमूग हे नावच खरं सांगतं. तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला. पिवळं फूल जमिनीवर येतं, फळ धरलं की त्यातून आरी सुटते, खाली वाकते, मातीत घुसते आणि तिथे अंधारात शेंग पोसते. म्हणजे एकादशीला तुरीच्या वरणाला बंदी आणि तिच्याच कुळातल्या दाण्याच्या आमटीला मुभा!

गैरसमज : साबुदाणा हे कुठल्याशा झाडाचं बी.
वस्तुस्थिती : तो शेतात पिकत नाही, कारखान्यात घडतो. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातल्या गरापासून व्हायचा; त्या झाडाचं मलय नाव ‘सागू’. आपण खातो तो मात्र कसावा या दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा. कंद वाटून, गाळून खाली बसलेल्या सत्त्वाच्या गोळ्या वळतात, भाजतात, वाळवतात. दुसऱ्या महायुद्धात आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमला हा धंदा उभा राहिला.

गैरसमज : निदान राजगिरा तरी इथला.
वस्तुस्थिती : तोही तिकडचाच. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्या वाटून खात. तिथे आजही राजगिऱ्याची गोड वडी मिळते. तिचं नाव ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या चिक्कीची ती सख्खी बहीण शोभेल.

मग इथलं जुनं काय? वरई आणि शिंगाडा. आणि बाकीचे परके उपवासाला चालू कसे लागले? उपवासाला वर्ज्य होतं ते रोजचं धान्य. या नवख्यांची नावं त्या यादीत असणार तरी कशी? तेवढ्या फटीतून ते आत आले आणि पाटावर बसले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे त्यांच्याच जिवावर.