दोन डॉलरची उधारी

साठी उलटल्यावर माणसाला नवे वेड लागू नये म्हणतात. लागलेच तर ते देवाधर्माचे असावे, फार तर नातवंडांचे. मला मात्र बेसबॉलचे लागले! मोतीबागेत क्रिकेट पाहत लहानाचा मोठा झालेल्या बडोदेकराने अशी कबुली द्यावी, म्हणजे घरचे श्रीखंड ताटात टाकून शेजाऱ्याकडे ताक प्यायला जाण्यासारखेच आहे. आमच्या मंडळींनी तसे बोलूनही दाखवले.

त्याचे असे झाले. आमची लेक कॅलिफोर्नियात असते. 2018 साली तिच्याकडे गेलो असता जावईबापूंनी मला ओकलंडला सामन्यास नेले. तिसरा डाव संपेतो मला त्या खेळातले ओ की ठो कळेना. एवढ्यात पहिल्या तळावरचा एक गडी, चेंडू टाकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे असे पाहून, जो पळत सुटला तो धुळीत अंग झोकून देऊन दुसऱ्या तळाला जाऊन भिडला. "अहो, ही तर आमची आट्यापाट्या!" मी मोठ्याने ओरडलो. आजूबाजूचे लोक पाहू लागले. या प्रकाराला तिकडे तळ चोरणे म्हणतात. ओकलंडमध्येच वाढलेल्या रिकी हेंडरसनने 1982 च्या एका हंगामात असे 130 तळ चोरले होते. त्या घटकेपासून मी ओकलंड ॲथलेटिक्सचा झालो.

पण आज सांगायचे आहे ते मैदानाबाहेरच्या पुलाविषयी. आगगाडीच्या स्टेशनातून उतरले की एका लांब पादचारी पुलावरून थेट मैदानात जाता येई. सामन्याच्या दिवशी त्या पुलाला आपल्याकडच्या जत्रेच्या वाटेची कळा येई. शेंगांच्या पिशव्या, हिरव्या-पिवळ्या टोप्या, बर्फात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि तव्यावर परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास! आत मैदानात याच वस्तूंना कितीतरी जास्त दाम पडे. म्हणून जाणते प्रेक्षक पुलावरच खरेदी करीत.

तिथे एक मेक्सिकन बाई बसे. ती पावात मांसाचे सॉसेज घालून देई. मी हातवाऱ्यांनी सांगितले, "मांस नको, नुसता कांदा आणि मिरची." तिने माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, या म्हाताऱ्याला वैद्याने पथ्य सांगितले असावे! पुढच्या वेळी मात्र मी दिसताच तिने न सांगता पावात कांदा-मिरची भरली. खंडेराव मार्केटातली ओळखीची भाजीवाली भेटल्यासारखे वाटले. परक्या मुलखात आपल्याला ओळखणारे पहिले माणूस बहुधा दुकानदारच असते.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी शेवटचा तिच्याकडे गेलो. माझ्याजवळ मोठी नोट होती, तिच्याजवळ मोड नव्हती. दोन डॉलर कमी पडले. तिने हातानेच 'पुढच्या वेळी' अशी खूण केली. दोन दिवसांनी आम्ही बडोद्यास परतलो.

आणि 'पुढची वेळ' उरलीच नाही. तसे होणार हे ठाऊक होते, तरी मनाला पटत नव्हते. संघमालकांनी लास व्हेगासला जाण्याचे ठरवले होते. मैदान जुने झाले होते आणि भरत नव्हते, हे खोटे नाही. नव्या मैदानाविषयी शहराशी चाललेली बोलणीही फिसकटली होती. त्यावर चाहत्यांनी 13 जून 2023 रोजी मुद्दाम मैदान गाठले. 27,759 माणसे जमली. त्यांच्या अंगातील हिरव्या सदऱ्यांवर मालकांना उद्देशून 'विका' हा एकच शब्द होता. पण त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या मैदानासाठी 38 कोटी डॉलरपर्यंतची सरकारी मदत मंजूर केली, आणि नोव्हेंबरमध्ये इतर संघमालकांनी एकमताने संमती दिली. 26 सप्टेंबर 2024 रोजी, 46,889 प्रेक्षकांसमोर, ओकलंडने टेक्ससला 3-2 असे हरवले आणि 57 हंगामांचा संसार आवरला. बडोद्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी एकटाच जागा होतो.

अमेरिकेला हे दुःख नवे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागातील एबेट्स फील्ड या मैदानावर, धावफलकाच्या पायथ्याशी, एब स्टार्क नावाच्या पिटकिन ॲव्हेन्यूवरील कापडव्यापाऱ्याची पाटी होती. 'पाटीवर चेंडू मारा, सूट मिळवा,' असा तिचा मजकूर. पण तिच्यापुढे कार्ल फुरिलोसारखा पटाईत क्षेत्ररक्षक उभा असे. त्यामुळे चेंडू पाटीपर्यंत क्वचितच पोचे. खरा सूट फुरिलोलाच द्यायला हवा, असे लोक गमतीने म्हणत! हाच स्टार्क पुढे ब्रुकलिन विभागाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. 1955 साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने जगज्जेतेपद मिळवले, आणि दोनच वर्षांनी तो लॉस एंजलिसला गेला. 24 सप्टेंबर 1957 च्या अखेरच्या सामन्याला तिथे अवघे 6,702 प्रेक्षक होते. 1960 साली मैदान पाडले. आता त्या जागी राहण्याच्या इमारती आहेत.

संघ कोणाचा? कायदा म्हणेल, मालकाचा. त्याविरुद्ध बोलायला आपल्याजवळ कागद नाही. पुलावरच्या त्या बाईचा संघात एक पैचाही भाग नव्हता. पण सामन्यांच्या तारखांवर तिचा महिना चाले. मालक गेला तो नव्या मैदानाच्या आशेने गेला; तिने तवा कुठे न्यावा? आमच्याकडेही मोठे सामने आता शहराबाहेर कोटंबीला होतात. मैदान देखणे आहे, मला अभिमानही आहे. पण मोतीबागेवरून जाताना शेंगावाल्यांची आठवण येते ती येतेच.

ओकलंडकर मात्र रडत बसले नाहीत. त्यांचा 'बॉलर्स' नावाचा एक लहानसा संघ 2024 सालीच मैदानात उतरला. तो शहरातल्याच रायमंडी पार्कात खेळतो. चाहत्यांना त्याचे भाग विकत घेता आले. आणि 2025 साली त्याने आपल्या लीगचे विजेतेपदही मिळवले. प्रेक्षक थोडे, पण ज्याच्या हातात शेंगांची पिशवी, तोच कधी कधी भागीदार निघतो!

2025 साली पुन्हा लेकीकडे गेलो, तेव्हा दोन डॉलर वेगळे काढून त्या पुलावर गेलो. त्या दिवशी आत काही नव्हते. पूल रिकामा होता. कागदाचे कपटे वाऱ्यावर फिरत होते. मग रायमंडी पार्कातही जाऊन आलो. खाद्यपदार्थांच्या गाड्या एकेक करून पाहिल्या. ती बाई दिसली नाही. तिचे नाव मी कधी विचारलेच नव्हते, मग चौकशी तरी कोणाच्या नावाने करणार?

"बाबा, दोन डॉलरसाठी एवढे काय?" लेक म्हणाली. तिला काय सांगू? उधारी म्हणजे पुन्हा भेटण्याचा करार असतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मीही 'येतो' म्हणून मान हलवली होती. ते दोन डॉलर अजून माझ्या पाकिटात आहेत. खर्चायला हात होत नाही.