कालावलंबी पुंजव्यवस्थेचा परिणामी हॅमिल्टोनियन

दोलायमान चुंबकीय क्षेत्रातील द्विस्तरीय पुंजव्यवस्थेचा हॅमिल्टोनियन क्षणोक्षणी बदलतो. रेषीय दोलन म्हणजे परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन क्षेत्रांची बेरीज होय. एकासोबत फिरणाऱ्या संदर्भचौकटीत ते स्थिर भासते. दुसरे दुप्पट वारंवारतेने फिरते. त्याची सरासरी शून्य म्हणून पाठ्यपुस्तके ते बहुधा वगळतात. ही सोय आहे, सिद्धता नव्हे. ब्लॉख व सीगर्ट यांनी १९४० मध्ये दाखविले की, वगळलेले पद संस्पंदन-वारंवारता किंचित वाढविते. या पदाचे धन व ऋण वारंवारतेचे भाग क्रमनिरपेक्ष नसतात. त्यामुळे परिणामी हॅमिल्टोनियनच्या व्यस्त-वारंवारता श्रेणीत पुढच्याच पायरीवर ही वाढ मिळते : रॅबी वारंवारतेचा वर्ग भागिले मूळ वारंवारतेची चौपट. रॅबी वारंवारता मुळाच्या एक-दशांश असल्यास वाढ ०.२५ टक्के भरते. क्षेत्र दुप्पट केल्यास ती चौपट होते.