टोलनाक्याच्या आधीच वाट दाखवणारा संवाद

श्रीगोंदा : तालुक्यातील लिंबू रातोरात ट्रकने मुंबईकडे निघते. पुणे ओलांडल्यावर द्रुतगती मार्ग आणि त्यावरील टोलनाके. माल बाजारात उशिरा पोहोचला तर फटका भावाला बसतो आणि तो अखेर बागायतदाराच्या पदरी येतो. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून, तर राज्याच्या टोलनाक्यांवर 1 एप्रिल 2025 पासून सक्तीचा झाला. तरीही रांगा का लागतात?

उत्तर फास्टॅगच्या रचनेतच आहे. काचेवरच्या या चकतीला स्वतःची बॅटरी नसते. मार्गिकेवरील अँटेनाच्या लहरींनी ती जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. हा संवाद जेमतेम काही मीटरचा. म्हणजे वाहन रांगेत अडकल्यानंतरच नाक्याला त्याची ओळख पटते. एका वाहनाला 6 सेकंद लागतात असे धरले, तर मार्गिकेतून तासाला 600 वाहने जातील. पण एखाद्याच्या खात्यात पैसे नसल्याने 2 मिनिटे वाद झाला, की 20 वाहनांची वेळ गेलीच. मागच्या चालकाला यातले काहीच दिसत नाही. तो शेवटच्या क्षणी शेजारच्या रांगेत घुसतो आणि कोंडी वाढते.

वाहन-संवाद तंत्रज्ञानाची मदत होते ती नेमकी येथे. रस्त्याकडेचे यंत्र काहीशे मीटर अलीकडेच वाहनातील यंत्राशी बोलते. कोणत्या मार्गिकेत किती अवजड वाहने आहेत, कुठला वाचक बंद आहे, याचा हिशेब करून ते चालकाला मार्गिका आणि वेग सुचवते. पाच मोटारींच्या रांगेपेक्षा तीन ट्रेलरची रांग लांबणार, हे डोळ्यांना कळत नाही. यंत्राला कळू शकते. जपानमध्ये टोलवसुलीच्याच यंत्रणेला दुहेरी संवादाची जोड देऊन चालकाला पुढील कोंडीची माहिती पुरवली जाते. अमेरिकेने यासाठी 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 75 मेगाहर्ट्झ लहरी राखून ठेवल्या होत्या. 2020 मध्ये त्यातील 45 वाय-फायसारख्या वापराकडे वळवल्या. वाहनांत यंत्रेच पुरेशी बसली नाहीत, हे त्यामागचे एक कारण.

नाकाच हटवण्याचा मार्गही आहे. कमानीखालून न थांबता टोल कापण्यासाठी 2025 मध्ये गुजरातेतील चोर्यासी नाक्याकरिता करार झाला. तसे सर्वत्र झाले, तर मार्गिका सुचवण्याची गरजच उरणार नाही. मात्र तोवर जुनी-नवी वाहने एकाच रस्त्यावर धावणार.

श्रीगोंद्याच्या रस्त्यांवर हा प्रश्न अधिक बिकट होतो. गाळप हंगामात नागवडे आणि कुकडी या कारखान्यांकडे उसाच्या जोड ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर निघतात. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या शुल्क नियमांत ट्रॅक्टरला टोलची सूट आहे, त्यामुळे त्याला ना चकती, ना यंत्र. केवळ बोलणाऱ्या वाहनांवर विसंबलेल्या यंत्रणेला तो दिसणारच नाही. कॅमेरे आणि रस्त्यातील संवेदकांची जोड त्यासाठी लागेल. शिवाय ट्रॉलीच्या मागे साधे लाल परावर्तकही हवेत. अंधारात मागून येणाऱ्या चालकाला आज तेवढाच इशारा मिळू शकतो.