टॅपेट वाजतोय? आधी पट्टी काढा!

सिग्नल लाल, काच खाली, एसी बंद. आणि बॉनेटखालून येणारा तो आवाज... टिक-टिक-टिक-टिक. कुणीतरी आत बसून शिलाई मशीन चालवतंय असा. म्युझिकचा व्हॉल्यूम दोन पॉइंट वाढवला की तो ऐकू येत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला उपाय हाच असतो! दुसरा उपाय म्हणजे ऑफिसमधला तो एक सर्वज्ञ मित्र. (प्रत्येक ऑफिसात असतो. शेअर्स, मोबाइल, डाएट, सगळ्यावर बोलतो.) तो कॉफीचा घोट घेत ठामपणे सांगतो, 'सिंपल आहे यार, जाड ऑइल टाक. बंद होईल.'

गंमत म्हणजे खरंच बंद होतो. काही दिवस.

माझ्या सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅकमध्येही असंच जाड ऑइल पडलं होतं. नागपुरातल्या एका गॅरेजनं 'आवाजासाठी' म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. महिनाभर गाडी शहाण्या मुलासारखी गप्प. मग रोज सकाळी स्टार्ट केल्यावर टिकटिक, आधी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट. दुसऱ्यांदा नेली तेव्हा निदान आलं : 'मॅडम, हेड खोलावं लागेल. अठरा हजार धरून चला.' फ्रीलान्सरच्या बँक बॅलन्सला अठरा हजार म्हणजे काय, ते दुसऱ्या फ्रीलान्सरनंच समजून घ्यावं. मी विचार करते म्हटलं आणि डिसेंबरातल्या एका थंडगार सकाळी, अकोल्याला मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी तीच गाडी घेऊन निघाले.

शंभराहून जास्त किलोमीटर झाल्यावर चहासाठी थांबले ते गुरुकुंज मोझरीला. मोझरी म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची कर्मभूमी. १९३५ मध्ये त्यांनी इथं आश्रम उभारला, १९६८ मध्ये इथंच देह ठेवला. नागपूर-अमरावती रस्त्याला लागूनच आश्रम असल्यामुळे जाता-येता गाड्या थांबतात. आणि जिथं गाड्या थांबतात तिथं चहावाला असतो आणि मिस्त्रीही असतो!

इंजिन चांगलं तापलेलं होतं, तरी टिकटिक चालूच. टपरीशेजारच्या गॅरेजातले काका हातातला चहा तसाच ठेवून उठले.

'ताई, गाडी तं लय वाजू राह्यली तुमची. टॅपेटनं खंजिरी धरली काय?'

खंजिरी भजनाच्या या गावात यापेक्षा अचूक निदान कुणी केलं नसतं.

टॅपेटचा फंडा

काका काय करत होते ते कळायला थोडी शाळा हवी. घाबरू नका, पटकन उरकते.

इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा टॅपेटला दाबतो आणि टॅपेट (किंवा त्याच्यामधली रॉकरची कडी) व्हॉल्व्हला. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे गाडी नुसती उभी राहून ८०० आरपीएमवर गुरगुरत असते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. हायवेला २५०० वर, १२५० वेळा. या सगळ्या साखळीत कुठे केसभर जास्त फट राहिली तर तितक्याच वेळा धातूवर धातू आपटणार. तीच आपली टिकटिक.

ही फट सांभाळायच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा स्क्रूची. मारुती ८०० आठवतेय? तिच्यात मिस्त्री फिलर गेजची पातळ पत्ती सरकवून, मिलिमीटरच्या पावभागाहूनही कमी असलेली फट मोजायचा आणि स्क्रू फिरवून सेट करायचा. 'टॅपेट सेटिंग' हा शब्द तिथूनच आपल्या कानावर आहे. नवी तऱ्हा हायड्रॉलिक. यात टॅपेटच्या पोटात एक इवलासा पिस्टन, एक स्प्रिंग आणि तेल परत जाऊ न देणारी एक बारीक गोळी असते. इंजिन ऑइल दाबानं आत शिरतं, पिस्टन वर उचलला जातो आणि फट आपोआप शून्य होते. सेटिंगची कटकट नाही.

पण हायड्रॉलिक टॅपेटचा सगळा जीव ऑइलवर. ते कमी पडलं, घाण झालं, वेळेत वर पोचलं नाही किंवा त्यात हवेचे बुडबुडे मिसळले, की टॅपेट नीट भरत नाही. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. मग तो फुसका टॅपेट व्हॉल्व्ह उचलण्याआधी थोडासा आपटतो. म्हणजे बिचारा टॅपेट बऱ्याचदा आजारी नसतोच, उपाशी असतो.

हे कळलं की 'जाड ऑइलची जादू'ही कळते. झिजलेल्या टॅपेटमधून दाट तेल हळू निसटतं, थोडी गादीही बनते, आवाज दबतो. पण तेच दाट तेल थंडीत, सकाळी, खालच्या चेंबरमधून इंजिनच्या डोक्यापर्यंत चढायला जास्त वेळ घेतं. आणि स्टार्टनंतरचे तेच पहिले काही सेकंद झिजेचे असतात. थोडक्यात, दुपारची टिकटिक थांबवण्यासाठी आपण सकाळची वाढवतो.

काकांची तपासणी

काकांनी पहिला प्रश्न विचारला, 'ऑइल कोनतं टाकलं?'

'जाडं टाकलंय गॅरेजवाल्यानं. आवाजासाठी.'

'आवाजासाठी टाकलं, मंग आवाज कामून येते?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी लांब पेचकस घेतला, टोक इंजिनच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेले, अगदी डॉक्टर पाठ तपासतात तसे. मग पेचकस खाली चेंबरपाशी. मान हलवली. खालून काही नाही, सगळं वरच.

हा फरक तुम्हालाही कळायला हवा. वरून येणारी हलकी, झटपट 'टिकटिक' म्हणजे बहुधा टॅपेट. खालून येणारी जड, खोल 'ठकठक', जी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, चढावर वाढते, ती बेअरिंगची असू शकते, आणि तेव्हा गाडी जागीच बंद करून टोइंगला फोन लावायचा. 'जाऊ हळूहळू घरापर्यंत' हा विचार त्या दिवशी सगळ्यात महागात पडतो. इंजेक्टरचीही एक बारीक, एकसारखी टिकटिक असते, ती नॉर्मल. आणि एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर थंड इंजिनात फुस्-फुस् टिकटिक होते आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी होते. याला लोक हमखास टॅपेट समजतात.

काकांनी इंजिन बंद करायला लावलं. दहा मिनिटं थांबले, तेल खाली उतरू दिलं. मग पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, नुसतं टोकाला लागलेलं.

'आता हे वाजनार नाई तं काय करनार? पोटात ऑइलच नाई तिच्या.'

अठरा हजारांचं निदान करणाऱ्यानं ही पट्टी काढली होती की नाही, देव जाणे. दोन महिन्यांत ऑइल इतकं कसं उतरलं, इंजिन पितं की मुळातच कमी भरलं होतं, तेही तिथं कळण्यासारखं नव्हतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा? तो पेटलाच नव्हता. कारण बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटतो तेव्हा प्रकरण पुढे गेलेलं असतं.

मुलगा मोटारसायकलवरून तिवस्याला गेला आणि ५डब्ल्यू-३० चा सीलबंद डबा, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वॉशर घेऊन आला. जुनं ऑइल चेंबरखालच्या घमेल्यात उतरलं. काकांनी बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, धातूचा चुरा चमकतोय का ते उन्हात धरून पाहिलं. नव्हता. तेवढ्यात मला एक किस्सा ऐकायला मिळाला. पुण्यतिथी महोत्सवात आश्रमात मौन श्रद्धांजली असते, तेव्हा एवढ्या प्रचंड गर्दीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. 'मौन सुटलं का साऱ्या गाड्या एकदम चालू होतेत,' काका म्हणाले. 'तवा मी इथं बसल्या बसल्या सांगतो, कोनाचं टॅपेट वाजू राह्यलं.'

नवं ऑइल भरून स्टार्ट केल्यावर टिकटिक चालूच होती! माझा चेहरा पडला. काकांनी इंजिन दोनेक हजारावर धरून ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आवाज विरळ झाला आणि मग एकच टॅपेट उरला, अधूनमधून बोलणारा. 'थो बी चुप होईन. चालवा.' अमरावती बायपासपर्यंत तोही चुप झाला. मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. पुढे हजार किलोमीटरला पट्टी पाहिली, तर ऑइल जेमतेम उतरलं होतं.

आता हेही सांगते, की पातळी बरोबर, ग्रेड बरोबर, ऑइल नवं, आणि तरी तापलेलं इंजिन आठवडाभर टिकटिकत असेल, तर टॅपेट अडकलेला किंवा झिजलेला असू शकतो किंवा ऑइलचा दाबच कमी असू शकतो. तेव्हा हेड खोलायच्या आधी गेज लावून दाब मोजायला सांगा. न मोजता खोलायला निघालेल्या गॅरेजमधून किल्ली परत घ्या. आणि काउंटरवर 'इंजिन फ्लश'ची बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न होईल, तिला माझं स्पष्ट नाही. वर्षानुवर्षं गाळ साचलेल्या इंजिनात तो गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा योग्य ऑइल आणि पुढचे दोन बदल थोडे लवकर.

डब्यावर काय लिहिलंय?

५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत वाहतं राहतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला किती दाट राहतं त्याचा. 'आपल्या वऱ्हाडात पंचेचाळीस डिग्री, इथं जाडच हवं' हा युक्तिवाद मी अकोल्याच्या साखरपुड्यातही ऐकला, चक्क जिलेबीच्या ताटावर. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बाहेर काहीही असलं तरी इंजिन ठरलेल्या तापमानाच्या आसपास ठेवायला झटत असतात, आणि आतलं ऑइल तसंही शंभर अंशांच्या आगेमागे असतं. बाहेरच्या उन्हाचा विचार गाडी बनवणाऱ्यांनी केलेला असतो. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असेल तर त्यात जे बसतं ते टाका. जुन्या डिझाइनच्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सांगितलेलं असतं, तिथं तेच बरोबर.

त्याखाली 'एपीआय' आणि दोन अक्षरं. 'एस'नं सुरू होणारी पेट्रोलसाठी, 'सी'ची डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या पिढीचं. 'एसएन' २०१० चं, 'एसपी' २०२० चं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. तिथं शेजाऱ्याच्या जुन्या डिझेलचं उरलेलं ऑइल ओतू नका, तो फिल्टर भयंकर महाग असतो. सिंथेटिक की मिनरल? मॅन्युअल सिंथेटिक म्हणत असेल, टर्बो असेल, तर वाद नाही. आणि ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं असंही नाही. ते घाण धुऊन स्वतःत धरून ठेवतंय, तेच त्याचं काम.

रोज चार किलोमीटर ऑफिस आणि चार किलोमीटर परत, असे आपण बरेच जण. एवढ्यात इंजिन धड तापतच नाही, ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, गाळ तयार होतो. अशांनी किलोमीटरकडे न बघता महिन्यांकडे बघून ऑइल बदलावं.

बाइकवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळा नियम. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' पाहा. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला 'एमबी' चालतं. बुलेटवाले तर टॅपेटचा आवाज म्हणजे भजनच समजतात, पण २००९ च्या क्लासिकमध्ये असलेल्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथं 'सेट करून दे' म्हणणारा मिस्त्री भेटला तर सावध. स्क्रूवाल्या टॅपेटमध्ये उलटा धोका असतो. आवाज अजिबात नको म्हणून फट फार कमी करून घेतली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. सीएनजी गाडीत तर व्हॉल्व्हची बैठक झिजून ही फट आपोआप कमी होत जाते. त्या गाड्यांचे टॅपेट आवाज येत नसला तरी ठरल्या वेळी तपासून घ्यायचे.

राहता राहिली बनावट ऑइलची गोष्ट. त्यात वापरले जातात ते आपणच टाकून दिलेले अस्सल डबे. सील आपल्यासमोर तोडायला लावा, पक्कं बिल घ्या. जुनं ऑइल नालीत नको, गॅरेजच्या पिंपातच जाऊ द्या. आणि रिकामा डबा? मोझरीच्या काकांनी मी सांगायच्या आधीच तो पायाखाली धरला, पेचकसानं त्याला आरपार दोन भोकं पाडली आणि मग कोपऱ्यात फेकला.